आधी लोकर उचला, बहिणीचं नंतर बघू

पत्र

आमचा कुत्रा बंड्या ११ वर्षांचा. काही महिन्यांपूर्वी त्याला किडनीचा आजार निघाला. दिवसाआड मी घरीच त्याला कातडीखाली सलाईन देते. शिवाय गोळ्या, वेगळं खाणं आणि रात्रीतून दोन-तीनदा बाहेर नेणं. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे हे सगळं माझ्याकडे आलंय. उरलेल्या वेळात मी क्रोशा घेते, सुयांवर विणते, जलरंगात चित्रं काढते, आणि अलीकडे तैलरंगही हातात घेतलेत. खरं सांगायचं तर या महिन्यांत माझा हात जितका चाललाय तितका पूर्वी कधी चालला नव्हता. मला मजा येते आणि तेच मनाला खातं. परवा मोठी बहीण आली होती. म्हणाली, "त्याची ही अवस्था आणि तू लोकरीचे रंग जुळवत बसलीयेस?" मला काही उत्तर सुचलं नाही. रडू आलं, ते तिला दिसू दिलं नाही. त्यात जाळीदार नक्षीची शाल घेतलीय, ती सारखी चुकते आणि उसवावी लागते. बंड्या माझ्याच खोलीत झोपतो. मध्यंतरी त्याच्या तोंडात लोकरीचं टोक दिसलं, आणि एकदा ब्रश धुतलेलं पाणी प्यायला. हे सगळं बंद करू का? आणि जाता जाता एक वेडगळ प्रश्न: विंचरताना त्याची आतली मऊ लव खूप निघते. तिचं सूत काततात का?
— धाग्यात अडकलेली

उत्तर

पत्रात बहिणीला तुम्ही चार वाक्यं दिलीत आणि लोकरीच्या टोकाला अर्धं. मी क्रम उलटा लावते, कारण बहिणीचं बोलणं आणखी आठवडाभर सलत राहिलं तरी चालेल, लोकरीचं तसं नाही.

कुत्र्याने चेंडूचा तुकडा गिळला तर तो कुठेतरी एका जागी अडकतो. धागा वेगळं करतो. त्याचं एक टोक धरलं जातं, कुत्र्यांत बहुतेकदा जठरातून आतड्यात जाण्याच्या दाराशी, आणि बाकीचा धागा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे रेटायला बघतं, पण धागा जागचा हलत नाही. मग पायजम्याची नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसं आतडंच त्या धाग्यावर गोळा होत जातं. ताणलेला धागा आतून आतड्याची भिंत कापूही शकतो. हे मांजरांत जास्त दिसतं, पण कुत्रे यातून सुटलेले नाहीत. आणि लोकर, क्रोशाचा दोरा, भरतकामाचा रेशमी धागा, लेस हे सगळं यात येतं.

तुमच्या घरी यात एक जास्तीची अडचण आहे. धागा अडकल्याची लक्षणं कोणती? उलट्या, खाणं सोडणं, मरगळ, पोटाला हात लावू न देणं. किडनीच्या आजारात यातलं बरंचसं असंही अधूनमधून दिसतं. म्हणजे खरंच धागा गेला तरी तुम्ही, आणि कदाचित डॉक्टरही, "आजारामुळेच असेल" म्हणून एखादा दिवस थांबाल, आणि तो दिवस महागात पडेल. म्हणून आजच फोन करून डॉक्टरांना सांगा की त्याच्या तोंडात लोकर दिसली होती. ती अख्खी परत मिळाली की थोडी कमी होती, हे आठवत असेल तर तेही. पुढे कधी तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून धागा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, कितीही सहज निघेल असं वाटलं तरी. घरच्या घरी उलटी करवायची नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

आणि हे चघळणं नवीन आहे का, तेही बघा. मळमळत असलेले कुत्रे कधी कधी फरशी चाटतात, नको ते चावतात. तसं असेल तर इथे लोकरीपेक्षा मळमळीवर औषध जास्त उपयोगी, आणि त्यासाठी चांगली औषधं आहेत.

बाकी बंदोबस्त सोपा आहे, फक्त तो रोजच्या रोज व्हायला हवा. विणकाम चेन असलेल्या पिशवीत. गुंडा झाकणाच्या डब्यात, झाकणाला भोक पाडून त्यातून टोक बाहेर काढलेलं. कापलेली टोकं झाकणाच्या डबीत, मांडीवर किंवा सोफ्यावर नाही. शिवायची सुई काम संपलं की जागेवर गेली का ते बघायचं, दोरा ओवलेली सुई तर पहिल्यांदा. टाके मोजायला लावतो त्या प्लास्टिकच्या खुणाही उचलायच्या. न धुतलेली कच्ची लोकर घरात असेल तर ती सर्वांत उंच फळीवर, कारण तिला मेंढीचा वास असतो आणि तुमच्या नाकाला तो जाणवला नाही तरी बंड्याला जाणवतो.

विणणाऱ्या बायकांच्या घरातली आणखी एक गोष्ट सांगते, जी पत्रात नाही पण मला शंका आहे. एवढं विणताय तर मनगट किंवा अंगठा दुखत असेल, आणि त्यावर मलम चोळत असाल. दुखण्यावरची बरीच मलमं डायक्लोफिनॅकसारख्या औषधांची असतात. ही औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक आहेत, आणि बंड्याच्या किडनीत आता सोसायची ताकद उरलेली नाही. त्याला तुमचे हात चाटायची सवय असेल तर ते मलम वापरूच नका. शेक घ्या, पट्टा बांधा, एक दिवस सुया खाली ठेवा. गोळ्यांची पाकिटंही त्याच्या तोंडाला लागतील अशी ठेवू नका.

आता पाणी. किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून शरीरातून पाणी जास्त जातं आणि म्हणून तो सतत पितो. त्याच्या दृष्टीने तुमचं ब्रशचं भांडं म्हणजे आणखी एक वाटी. त्याला पाणी प्यायचं बंद करता येत नाही आणि करूही नये, तेव्हा बंद करायचं ते भांडं. झाकणाची बरणी घ्या, उठताना झाकण लावा, आणि तुमच्या टेबलाच्या पायाशीच त्याची स्वच्छ पाण्याची वाटी ठेवा. मुलांच्या साध्या रंगांचं पाणी प्यायल्याने बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही, पण चित्रकारांच्या रंगांत कॅडमियम आणि कोबाल्ट असू शकतं, काही पांढऱ्या रंगांत जस्त, जुन्या तैलरंगांच्या नळ्यांत शिसंही. नळीवर रंगद्रव्याचं नाव लिहिलेलं असतं. वाचा, आणि जड धातूवाले रंग या काळापुरते कपाटात ठेवा. त्यांच्या जवळपास जाणाऱ्या छटा बिनधातूच्याही मिळतात. डोळ्याला थोडा फरक जाणवेल, तो चालवून घ्या.

तैलरंगांबाबत मी जास्त कडक आहे. टर्पेंटाइनची वाफ आजारी कुत्रा झोपतो त्या खोलीत नको. बिनवासाचं द्रावण वापरते म्हणाल, तर वास नाही म्हणजे वाफ नाही असं होत नाही. दुसरी खोली, उघडी खिडकी, आणि बंड्याजवळ दुसरं कोणीतरी बसलेलं असताना. त्याच्या केसांना रंग लागलाच तर तो टर्पेंटाइनने पुसू नका. खायचं तेल आणि मग साबण-पाणी लावा, आणि धुऊन होईपर्यंत त्याला चाटू देऊ नका. अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून एकावर एक टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि पेटू शकतात. एरवी तुम्ही त्या नीट वाळत घालत असाल. पण बंड्याला अचानक उलट्या सुरू झाल्या आणि तुम्ही हातातलं टाकून दवाखान्यात धावलात, तर मागे काय राहतं याचा विचार करा. पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा इझलशेजारी ठेवा आणि चिंधी हातातून सुटली की थेट त्यात.

घरी लोकर रंगवत असाल तर एवढंच: रंगाचं पातेलं उघडं सोडू नका. रंग पक्का करायला वापरतात त्या लोखंडाच्या, तांब्याच्या किंवा क्रोमच्या क्षारांना त्याचं तोंड लागता कामा नये. कांद्याच्या सालींचा सुंदर पिवळा-नारिंगी रंग येतो हे खरं, पण कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तो प्रकार सध्या राहू द्या.

शालीकडे येऊ. ती चुकते यात तुमच्या हाताचा दोष नाही, निवडीचा आहे. जाळीदार नक्षीत प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर उभी असते आणि डोकं एका जागी लागतं. तुम्ही रात्री दोन-तीनदा उठता. गोळीची वेळ, सलाईनची वेळ, दाराशी उभं राहून त्याचं बघणं, या सगळ्यातून तुम्हाला मिळतात ते दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे. तेव्हा आवडीपेक्षा हे काम मधेच टाकता येतं का, एवढं बघून निवडा. क्रोशा यात सुयांपेक्षा उजवा, कारण सुयांवर अख्खी ओळ उघडी असते आणि क्रोशात एकच फास. त्या फासात खूण अडकवली की काम कुठेही पडून राहिलं तरी उसवत नाही. मुका खांब, खांब आणि साखळी एवढ्या साध्या टाक्यांवर होणारं काहीही घ्या. छोटे चौकोन तर फारच सोयीचे. एक चौकोन पूर्ण झाला की काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतं, आणि सध्या तुमच्या दिवसात पूर्ण होणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. शाल सोडवत नसेल तर दर काही ओळींनंतर टाक्यांतून वेगळ्या रंगाचा पातळ दोरा ओवून ठेवा. चुकलं तर तिथपर्यंतच उसवेल.

रंगांतही हाच हिशोब. पॅलेटवर वाळलेला जलरंग पाणी लावलं की परत जिवंत होतो. ॲक्रिलिक ब्रशमध्येच वाळून ब्रश घालवतं. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणजे थांबायला हरकत नाही, पण वाफेचं वर सांगितलंच. ओल्यावर ओला रंग सोडायचं मोठं जलरंगचित्र मात्र अर्ध्यात टाकता येत नाही. त्यासाठी सलाईन झाल्यानंतर तो गाढ झोपतो ती वेळ राखून ठेवा. पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली आणि एक छोटी वही या काळाला सगळ्यांत सोयीची. सांडत नाही, वास नाही, खिशात राहते.

आता बहीण.

तिचं म्हणणं थोडक्यात असं की जवळचं कोणी आजारी असताना हात रिकामे आणि चेहरा उतरलेला असला पाहिजे. ही समजूत तिच्या एकटीची नाही, तुमचीही आहे, म्हणून तर ते वाक्य लागलं. त्यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं: स्वतःची काळजी घेतली तरच दुसऱ्याची घेता येते, म्हणून छंद जोपासा. हे उत्तर मला आवडत नाही. त्यात मजेला ड्यूटी लावून टाकली जाते. म्हणजे विणायचं ते उद्या सलाईन नीट देता यावं म्हणून, आणि एखाद्या दिवशी विणून हलकं वाटलं नाही तर त्याचाही अपराध.

ओझं खरं आहे, ते मी नाकारत नाही. केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनागल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीर्घ किंवा न बरा होणारा आजार असलेल्या प्राण्यांच्या पालकांवर काळजीचा भार, ताण आणि नैराश्याची लक्षणं निरोगी प्राणी असलेल्यांपेक्षा जास्त आढळली. माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांत जे दिसतं, तेच इथेही. तेव्हा "कुत्राच तर आहे" म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळालं. पण हा भार दाखवून मजेची परवानगी मिळवायची असं मला म्हणायचं नाही. परवानगी लागतच नाही. बंड्या आजारी आहे आणि निळ्याशेजारी गेरूचा रंग चांगला दिसतो, या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत खऱ्या आहेत. एकीने दुसरीचं काही घेतलेलं नाही.

उलट, तुमचा हात आताच एवढा का चालतोय, याचा अंदाज मला आहे. आजाराने तुम्हाला एका खोलीत बसवलं. बाहेरची आमंत्रणं थांबली, कुणाला अमुक तारखेला काही द्यायचं नाही, चित्र कुणाला दाखवायचं नाही. काम पहिल्यांदाच फक्त तुमचं झालं. त्यात बंड्याचा हात आहे म्हणा हवं तर, पण तुम्ही त्याच्याकडून काही हिसकावलेलं नाही.

बहिणीचं बरोबर ठरेल अशी एकच जागा आहे. तो कण्हतोय आणि तुम्ही "ही ओळ संपवून उठते" म्हणताय, गोळीची वेळ टळतेय, किंवा त्याचं वजन उतरतंय ते बघायला नको म्हणून तुम्ही मान खाली घालून विणताय, असं होत असेल तर तिने टोकलेलं बरंच. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. मग तिला एवढंच सांगा, "हो, जुळवतेय. मला आवडतं." कारणं देत बसू नका. दिलीत तर ती प्रत्येक कारण खोडेल, मोठ्या बहिणींना ते जमतं. आणि पुढच्या वेळी आली की तिला बंड्याजवळ तासभर बसवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत तैलरंग काढा. टीकेपेक्षा हे तिलाही सोपं जाईल असं मला वाटतं.

आता कोणीतरी नक्की म्हणेल की मग बंड्यासाठीच काहीतरी विण, बंड्याचंच चित्र काढ. आवडलं तर करा. त्याच्यासाठी अंथरूण करायचं असेल तर सुती दोरा, घट्ट मुका खांब, जाळी नाही, झालर नाही, गोंडे-बटणं तर नाहीतच. सैल फासात नखं अडकतात, आणि लघवी सुटणाऱ्या कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं, त्यात लोकर आटते. रंग मात्र तुमच्या आवडीचा घ्या: कुत्र्यांना निळा आणि पिवळा कळतो, लाल आणि हिरवा त्यांच्यासाठी एकाच मळकट छटेत जातात. चित्र काढायचं असेल तर झोपेतलं काढा. डेव्हिड हॉकनी या चित्रकाराने १९९० च्या दशकात स्टॅनली आणि बूजी या आपल्या दोन डॅक्सहुंड कुत्र्यांची बरीच चित्रं केली, तीही घरात कागद आणि रंग तयार ठेवून, कारण दारावर टकटक झाली की मॉडेल उठून चालायला लागायचे. झोपलेल्या कुत्र्याचं चित्र काढताना आपण आपोआप बरगड्यांकडे बघतो, आणि ते बघणं उपयोगीही आहे: गाढ झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत असावा. सलाईन घेणाऱ्या कुत्र्याचा श्वास सतत त्यापेक्षा वेगाने चालत असेल तर डॉक्टरांना कळवा.

पण डोंगर काढावासा वाटला तर डोंगर काढा. सगळी कला बंड्याच्या नावावर करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र करू नका असं मी म्हणेन. रोज एक ओळ विणायची, चांगल्या दिवसाला एक रंग आणि वाईट दिवसाला दुसरा, अशी पांघरुणं काही जणी विणतात. रोजच्या हवामानाची नोंद म्हणून हे छान आहे. जो आजार मागे फिरणार नाही त्याच्यासाठी नको. सहा महिन्यांनी तुमच्या मांडीवर जे असेल ते पांघरूण म्हणून अंगावर घ्यावंसं वाटणार नाही. ती नोंद साध्या कॅलेंडरवर ठेवा: किती खाल्लं, किती प्यायला, उलटी झाली का, वजन किती. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये एक मोजपट्टी सुचवली होती. तीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणं-फिरणं आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण देतात. बेरीज ३५ च्या वर असेपर्यंत सांभाळत राहणं ठीक मानतात. आकड्याने निर्णय होत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना "बरा वाटतो हो अधूनमधून" यापेक्षा तो कामाला येतो. महिन्यातून एकदा ती मोजपट्टी भरा आणि लोकरीला त्यातून मोकळं ठेवा.

राहिली लव. प्रश्न अजिबात वेडगळ नाही. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक केवळ लोकरीसाठी एक दाट केसांचा कुत्रा पाळत आणि त्याच्या केसांत रानबकऱ्याची लोकर मिसळून घोंगड्या विणत. ती जात आता उरलेली नाही. त्यातल्या मटन नावाच्या एका कुत्र्याचं १८५९ पासूनचं कातडं स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि त्याच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

बंड्याची लव घ्यायची ती विंचरून निघालेलीच, कातरलेली नाही. वरचे राठ केस सुतात आले तर टोचतात, ते हाताने निवडून काढा. सलाईन दिलेल्या दिवशी खांद्यामागच्या त्या फुगलेल्या जागी विंचरू नका. निघालेली लव कोमट पाण्यात, सौम्य साबणात, न चोळता बुडवून काढा, पूर्ण वाळवा आणि कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल राहिली तर कुबट वास धरते. ती लव निसरडी असते आणि तिला मेंढीच्या लोकरीसारखा ताण नसतो. नुसती कातलीत तर सूत लोंबतं आणि विणलेली वस्तू आकार सोडते, म्हणून निम्मी मेंढीची लोकर मिसळा आणि टकळीवर थोडा जास्त पीळ द्या.